बारा कलदार, चौदा हाली

एखादी वस्तू मुळात किती आहे हे सांगणं फार अवघड असतं. ती दुसऱ्या कशाच्या बदल्यात किती आहे हे सांगणं मात्र सोपं असतं, आणि जगातले बहुतेक कारभार या सोप्या भागावरच चालतात.

पैनगंगेच्या काठी हा कारभार विशेष सुरळीत होता. नदीच्या अलीकडे निजाम सरकारचा मुलूख, पलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल. (वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचाच होता. कागद हैदराबादेत होता आणि वऱ्हाड इंग्रजांकडे.) अलीकडे हाली रुपया चाले, पलीकडे कलदार. हालीवर चारमिनार होता, कलदारवर विलायतेचा राजा. काठच्या लोकांनी दोन्हींपैकी काहीच डोळ्यांनी पाहिलेलं नसल्यामुळं पक्षपाताला जागा नव्हती. कलदार म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. हालीसुद्धा तोवर यंत्रावरच पडू लागला होता, पण ज्यानं नाव आधी घेतलं त्याच्याकडं ते राहिलं.

सहा कलदार म्हणजे सात हाली, असा दर होता. सरकारी कागदात हेच शंभर कलदारास एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै असं लिहीत. त्या शेवटच्या आठ पै उंबरघाटात कोणाला कधी मिळाल्याची नोंद नाही. बाजारात दर थोडाफार वरखाली होई. उंबरघाटात तो होत नसे, कारण उंबरघाटात माणिकराव होते.

उंबरघाट हे आखाडा बाळापूरपासून तीन कोसांवर, नदीला लागून वसलेलं गाव. माणिकराव तिथले माली पाटील. सारा गोळा करून तहशिलीत भरणं हे त्यांचं काम, आणि गावाला समजावून सांगणं ही त्यांची हौस. लहानपणी ते मामाकडं उमरखेडला शाळेत होते. तिसरीत मास्तरांनी त्रैराशिक शिकवलं. इतक्याला इतके, तर तितक्याला किती, हे एकदा उमगल्यावर चौथीत काय आहे हे पाहण्याची त्यांना गरज वाटली नाही. ते परत आले, आणि पुढची तीस वर्षं त्यांनी एका त्रैराशिकावर गाव चालवलं.

सुरुवात म्हशीपासून झाली. गावाशेजारच्या तांड्याचा नाईक देवला यानं उमरखेडच्या बाजारातून एक म्हैस आणली आणि ती उंबरघाटच्या सोनाजीला विकायला काढली. देवला सरळ माणूस. त्यानं सांगितलं, सहा शेर दूध देते. माणिकराव शेजारी उभे होते. ते म्हणाले, सहा शेर हे पलीकडचे. अलीकडं त्याचे सात झाले पाहिजेत. सोनाजीनं सात शेरांच्या म्हशीची किंमत दिली. घरी नेऊन मोजलं तर दूध सहा शेर भरलं. तो तक्रार घेऊन आला तेव्हा माणिकरावांनी बराच विचार केला आणि म्हैस नवीन आहे, तिला इकडचा दर कळायला दिवस लागतील, असा निकाल दिला. सोनाजीला तो पटला. पुढं ती म्हैस अकरा वर्षं सहा शेर दूध देत राहिली, आणि सोनाजीच्या घरी सगळे सात शेर पीत राहिले. देवलानं सात शेरांचे पैसे मोजून घेतले होते. त्याच्या वाडवडलांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून इतक्या राजांचे मुलूख ओलांडले होते की नवल वाटण्याची सवय तांड्यातून गेलेलीच होती.

म्हशीनंतर वाट मोकळी झाली. दोन-तीन वर्षांत गावानं माणिकरावांच्या सल्ल्यानं पुढील गोष्टी ठरवल्या. पलीकडून आलेल्या पाहुण्याला सहा पोळ्या वाढल्या तर सात वाढल्या असं समजावं. पलीकडच्या माणसानं सहा शिव्या दिल्या तर उत्तरादाखल सात द्याव्यात, कमी दिल्यास गावाचं नुकसान आहे. उमरखेडच्या डॉक्टरानं सहा दिवसांचं औषध दिलं तर सातव्या दिवशी ताप आल्यास तो औषधात धरावा. पलीकडं दिलेली लेक वर्षातून सहा दिवस माहेरी राहिली, तर ती सात दिवस राहिली असं आईनं मानावं आणि रडू नये.

या काळात माणिकरावांनी एकूण एकशे चाळीस बाबींना दर लावून दिला. त्यांपैकी एकशे वीस बाबींमध्ये फायदा माणिकरावांचा झाला. (हे प्रमाणही सातास सहा असंच पडतं. यावरून दर किती अचूक होता हे दिसून येईल.)

उदाहरणच द्यायचं तर हळदीचं. माणिकरावांच्या शेतात हळद काढायला तांड्यातल्या बाया आल्या. सात दिवस काम चाललं. आठव्या दिवशी माणिकरावांनी समजावून सांगितलं की हळद घेणारे व्यापारी बाहेरून येतात, ते कलदारात बोलतात, तेव्हा हळदीचं कामही कलदारातच धरलं पाहिजे, आणि सात हाली दिवसांचे कलदार दिवस सहा होतात. बायांच्या पुढं जिवनबाई उभी होती. तिनं हाताला लागलेला पिवळा रंग पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "भाकर तं सात दिवस खाल्ली, मालक."

माणिकराव म्हणाले, ती भाकर तुझ्या घरची होती, तिच्याशी सरकारी दराचा संबंध नाही. हे खरंच होतं. दुसऱ्या वर्षी तांड्यातल्या बाया कुरुंद्याकडं कामाला गेल्या आणि माणिकरावांची हळद पंधरा दिवस जमिनीत राहिली. ती सडली कशानं याची त्यांनी बरीच चौकशी केली, पण दरात काही चूक सापडली नाही.

असे हे माणिकराव बेचाळीस वर्षांचे असताना, म्हणजे एकोणीसशे छत्तीस साली, लग्नाचे झाले. पहिली बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. मूलबाळ नव्हतं. घरात एकवीस खण, गोठ्यात चौदा बैल, सरकारी मोजणीत चौऱ्याऐंशी एकर, आणि संध्याकाळी देवापुढं दिवा लावायला कोणी नाही. माणिकराव दिवा स्वतः लावत, पण वात नीट वळत नसे. ते एकटे जेवायला बसत तेव्हा ताटाकडं न पाहता दाराकडं पाहत. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण याला कशाच्या बदल्यात किती असं धरता येत नव्हतं.

नदीपलीकडं पळसवाडीत संतराम नावाचा एक शेतकरी राहत होता. नऊ एकर जमीन, विहीर कोरडी, स्वभाव भिडस्त. त्याची मुलगी येसू. बायको वारल्यावर संतरामनं पुन्हा लग्न केलं नाही. त्याची विधवा बहीण शकुबाई घरी येऊन राहिली आणि तिनं येसूला वाढवलं. येसू पळसवाडीच्या शाळेत तिसरीत होती आणि शाळेच्या रजिस्टराप्रमाणं बारा वर्षांची होती.

माणिकरावांनी तिला पाहिलेलं नव्हतं. मुलगी आहे, बिनआईची आहे, पलीकडची आहे, एवढं त्यांना कळलं होतं, आणि शेवटचा मुद्दा त्यांना फार महत्त्वाचा वाटला होता.

अडचण एकच होती. इंग्रजी अमलात चौदा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावणं गुन्हा ठरवणारा कायदा झाला होता. आता लोक करत काय, तर मुलीला गुपचूप नदीच्या अलीकडं आणत आणि लग्न उरकून टाकत. माणिकरावांना हे मुळीच पसंत नव्हतं. ते सरकारी माणूस होते, आणि दुसऱ्याच्या सरकारचासुद्धा मान राखला पाहिजे असं त्यांचं मत होतं. कायदा चुकवायचा नाही, तो पाळायचाच, असं ठरवून ते पाटी घेऊन बसले. मुलगी पलीकडची, म्हणजे कलदार. सहा कलदारास सात हाली, तर बारा कलदारास किती? उत्तर आलं चौदा.

माणिकरावांनी गणित पुन्हा एकदा ताडून पाहिलं आणि पाटी खाली ठेवली. कायद्यानं जो आकडा मागितला होता तो तंतोतंत आला होता. एक दिवस कमी नाही की जास्त नाही. असं गणित माणसाच्या हातून होत नसतं, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी पाटीला नमस्कार केला.

मग त्यांना आणखी एक गोष्ट सुचली. आपण हाली. आपलं वय बेचाळीस. पलीकडं गेल्यावर ते किती? त्यांनी पाटी परत उचलली. छत्तीस.

त्या दिवसापासून माणिकरावांच्या चालण्यात फरक पडला. मागणी घालायला ते तीनदा पलीकडं गेले आणि तिन्ही वेळा नदीत पाऊल टाकताच त्यांना गुडघे हलके झाल्यासारखे वाटले. पाण्यानं तसं होतं, असं एखादा म्हणेल. पण माणिकरावांना मनापासून वाटे की मधल्या धारेच्या आसपास कुठंतरी सहा वर्षं गळून पडतात आणि वाहत खाली जातात. पलीकडच्या काठावर ते उडी मारून चढत. सोबत आलेला सोनाजी मागून धोतर सावरत येई.

संतरामला त्यांनी सगळं नीट समजावलं. मुलगी आमच्याकडं चौदा, मी तुमच्याकडं छत्तीस. संतरामला समजावणं जड नव्हतं. चौऱ्याऐंशी एकर हा शब्द त्यानं पहिल्या दिवशी ऐकला आणि नंतरचं सगळं त्याला लांबून ऐकू येत होतं. एवढ्या मोठ्या जमिनीचा जावई पळसवाडीत कोणाला मिळाला नव्हता. तो रोज सकाळी आपल्या नऊ एकरांच्या बांधावर उभा राहून नदीपलीकडं पाही आणि मनातल्या मनात चौऱ्याऐंशी एकर चालून येई. पोरगी सुखात राहील, असं तो बहिणीला म्हणे. शकुबाई तूप कढवत असे.

या शकुबाईची थोडी माहिती देणं जरूर आहे. ती पंधरा वर्षं दर आठवड्याला नदी उतरून आखाडा बाळापूरच्या बाजाराला तूप नेत होती. तुपाचे हाली रुपये मिळत, ते घाटावरच्या सराफाकडं मोडून ती कलदार घेऊन परत येई. तिला त्रैराशिक येत नव्हतं. सात द्यायचे, सहा घ्यायचे, एवढंच बोटांना माहीत होतं. बाजारातून निघताना आपण श्रीमंत झालो आणि घरी पोचल्यावर गरीब झालो, असं तिला पंधरा वर्षांत कधी वाटलं नव्हतं. तूप तेवढंच होतं. (दराचा इतका अनुभव असून तिला त्यातून काही शिकता आलं नाही, याचं माणिकरावांना नंतर आश्चर्य वाटलं.)

माघातल्या एका दुपारी बोलणी पक्की करायला बैठक बसली. संतरामच्या अंगणात घोंगडी टाकली होती. माणिकराव, सोनाजी, संतराम, दोन शेजारी आणि शाळेचे मास्तर एवढे लोक होते. मास्तरांना मुद्दाम बोलावलं होतं, कारण येसूच्या वयाचा एक दाखला माणिकरावांना हवा होता. त्यात बारा लिहायला त्यांची हरकत नव्हती. पुढं कंसात चौदा हाली, एवढंच लिहावं, असा त्यांचा आग्रह होता. मास्तर गरीब होते. त्यांनी दौत आणली होती, पण टाक अजून बुडवला नव्हता.

शकुबाई दारात येऊन बसली. भाऊ बसलेला असताना तिनं बोलायचं कारण नव्हतं, पण पोरगी तिनं वाढवली होती, त्यामुळं कोणी तिला उठही म्हणालं नाही. तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "पाटील, आमच्या मुलखात तुमचं वय छत्तीस. बराबर?"

"बराबर," माणिकराव म्हणाले. बाईला दर कळतो हे पाहून त्यांना बरं वाटलं.

"मंग आमच्या मुलखात तुमची जमीन किती?"

माणिकरावांनी सवयीनं चौऱ्याऐंशी म्हणून सांगितलं. शकुबाई म्हणाली, ते हालीत झाले. पाटील छत्तीस वर्षांचे असताना त्यांच्याकडं जमीन किती, ते तिला पाहिजे होतं. माणिकराव पटका सारखा करू लागले. पण मास्तरांना वीस वर्षांची एक खोड होती. समोर आकडा पडला की उत्तर दिल्याशिवाय त्यांना राहवत नसे. ते जमिनीकडं पाहत हळूच म्हणाले, "बहात्तर."

संतराम भिंतीला टेकला होता, तो सरळ झाला.

शकुबाईनं बैल विचारले. चौदा, असं सोनाजीनं सांगितलं. मास्तर म्हणाले, बारा. घराचे खण एकवीस होते, त्यांचे अठरा झाले. संतराम हे सगळं ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता. जमीन जिथं होती तिथंच होती, एक ढेकूळही हललेलं नव्हतं. पण दोन महिने तो चौऱ्याऐंशी एकर चालत आला होता, आणि आता डोळ्यांदेखत त्यातले बारा गेले होते. त्याची स्वतःची सगळी जमीन नऊ एकर होती. आपल्या सगळ्या शेतापेक्षा मोठं शेत अर्ध्या घटकेत नाहीसं झालेलं पाहून कोणाही शेतकऱ्याला जे होईल ते त्याला झालं.

माणिकरावांनाही झालं. किंबहुना त्यांना जास्त झालं. वय उतरताना त्यांना अंग हलकं वाटलं होतं, जमीन उतरताना तसं वाटेना. नदीकाठचं काळं रान, माती अडवायला वडिलांनी बांधलेला ताल, आंब्याची बाग, यातलं नेमकं काय काय त्या बारा एकरांत गेलं याचा ते विचार करू लागले.

"जमीन सरकारी मोजणीची हाय," ते म्हणाले. "तिला दर लागत न्हाई."

शकुबाईनं आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "पोरगी बी सरकारी शाळेच्या रजिस्टरातली हाय, पाटील. तिले काहून लागते?"

मास्तरांनी दौतीचं झाकण लावलं.

इथं सोनाजीनं तोंड घातलं. तो आपल्या पाटलाला मदत करायला आला होता आणि ती करायची त्याला अजून संधी मिळाली नव्हती. तो म्हणाला, येवढी तकलीफ काहून घेता, सगळंच हालीत धरा ना. जमीन परत चौऱ्याऐंशी. बैल चौदा. पोरगी बी चौदा. आणि पाटील बेचाळीस.

जमीन परत आल्याचा आनंद संतरामच्या तोंडावर दिसतो न दिसतो तोच तो शेवटचा शब्द त्याच्या कानावर गेला. हा आकडा त्यानं आजवर ऐकला नव्हता. संतराम स्वतः चाळीस वर्षांचा होता. छत्तीस वर्षांचा जावई त्यानं मनाशी बसवला होता. आता जावई सासऱ्याहून दोन वर्षांनी मोठा निघाला. मांडवात कोणी कोणाच्या पाया पडायचं हा प्रश्न त्याला पडला, आणि त्यानं तो भाबडेपणानं मोठ्यानं विचारला. संतरामचं चाळीस तरी हालीत किती होतं ते पाहू म्हणून मास्तर पुटपुटू लागले, पण ते उत्तर पूर्णांकात येईना, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना थांबवलं.

"कोणत्याबी नाण्यात धरा," शकुबाई म्हणाली. "छत्तिसात बारा तीनदा जाते. बेचाळिसात चौदा बी तीनदाच जाते."

मास्तरांनी डोळे मिटून पडताळा घेतला आणि मान हलवली.

माणिकरावांनी अजून हार मानली नव्हती. त्यांनी मुलीलाच बोलवायला सांगितलं. लेकराला नीट समजावलं म्हणजे ते समजतं, हा त्यांचा अनुभव होता. येसू बाहेर आली. परकर-पोलकं, बोटांना शाई, गालात बोर. माणिकरावांनी मायेनं विचारलं, तुझं वय किती? ती म्हणाली, बारा. ते म्हणाले, आमच्याकडं नदीच्या त्या अंगाला आलीस की तू चौदा वर्षांची व्हशील.

येसूनं बोराची बी गालातून काढून मुठीत घेतली. तिला खरोखरच नवल वाटलेलं दिसत होतं. मास्तर वर्गात काही नवीन शिकवत तेव्हा ती अशीच पाही.

"मंग मधली दोन वर्सं मी काय केलं?" तिनं विचारलं.

माणिकरावांनी मनातल्या मनात पाटी उचलली. त्रैराशिकात एवढ्याला तेवढे मिळतात, पण मधल्या वर्षांत कोणी काय केलं हे मिळत नाही. त्यांनी पहिल्यांदाच त्या मुलीकडं नीट पाहिलं. आजवर ती त्यांच्याकडं आकडा म्हणून येऊन गेली होती. आता ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उत्तराची वाट पाहत होती आणि तिच्या गुडघ्यावर खरचटल्याची खपली होती. माणिकरावांना काहीतरी वाटलं. ते काय होतं हे त्यांना नंतरही सांगता आलं नसतं. त्यांनी प्यायला पाणी मागितलं. शकुबाईनं आणून दिलं. ते पिऊन ते उठले.

संतरामनं दिवाळीपर्यंत विचार करतो म्हणून सांगितलं. दिवाळी आली आणि गेली.

परत येताना माणिकराव नदीच्या मध्यावर थोडे थांबले. सोनाजी पुढं निघून गेला. अलीकडच्या काठाला लागल्यावर त्यांना चढताना हात टेकावा लागला. पण घरी पोचल्यावर त्यांनी आधी शेतात जाऊन आंब्याची झाडं मोजली, ती सगळी होती, तेव्हा त्यांना जेवण गेलं.

येसू चौथी पास झाली. सतराव्या वर्षी तिचं उमरखेडच्या कापसाच्या जिनातल्या एका कारकुनाशी लग्न झालं. तो तिच्याहून चार वर्षांनी मोठा होता. लग्नाआधी शकुबाईनं त्याचं वय विचारलं, आणि ते सांगताना कोणाला पाटी लागली नाही. त्या लग्नाचं तूप तिनं स्वतः कढवलं.

माणिकरावांचंही चांगलं झालं. संतरामच्या दिवाळीची वाट न पाहता बैठकीनंतरच्या वैशाखातच, म्हणजे एकोणीसशे सदतीस साली, त्यांचं लग्न झालं. स्थळ औंढा नागनाथकडचं, आपल्याच मुलखातलं होतं. मुलीकडचे हाली, मुलाकडचे हाली. दर लावायची गरज पडली नाही, त्यामुळं वादही झाला नाही. नवरदेव त्रेचाळीस वर्षांचे होते, मुलगी अकरा वर्षांची. अलीकडं तो कायदा नव्हता, त्यामुळं मान राखण्याचाही प्रश्न आला नाही. सातशे पानं उठली. जिलबी दोनदा फिरवली. बाळापूरचा बँड होता, त्यातला एक ताशेवाला उन्हानं पडला, पण कांदा फोडून नाकाला लावल्यावर पुन्हा वाजवू लागला. सोनाजी वरातीत इतका नाचला की त्याचा पटका हरवला आणि तो पुढं आठ दिवस गावात शोधत होता. देवला नाईक तांड्यातल्या चार माणसांसह जेवून गेला. गावानं अशी पंगत दहा वर्षांत पाहिली नव्हती, आणि पुढची कित्येक वर्षं लोक त्या जिलबीबद्दल बोलत.

घरात दिवा लागू लागला. वात चांगली वळलेली असे.

एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली राज्य बदललं. हाली रुपया लगेच गेला नाही, दरही सहाला सातच राहिला, त्यामुळं उंबरघाटाला फार काही बदलल्यासारखं वाटलं नाही. त्या हिवाळ्यात धान्याच्या यादीसाठी एक कारकून गावात आला आणि घरोघर माणसं लिहू लागला. माणिकरावांच्या ओसरीवर त्यानं वही उघडली. कुटुंबप्रमुखाचं नाव आणि वय लिहिलं. चोपन्न. मग पत्नीचं नाव विचारलं. माणिकराव म्हणाले, आमच्यात घरचीचं नाव घेत न्हाईत. कारकून घाईत होता, त्याला संध्याकाळपर्यंत बाळापूर गाठायचं होतं. त्यानं लिहिलं, पत्नी, एक. आतल्या दारात बावीस वर्षांची एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं बोलण्यासाठी तोंड उघडलं होतं, पण तोवर पान उलटलं होतं.

ही हकीकत वाचताना बारा आणि चौदा, छत्तीस आणि बेचाळीस, हे आकडे वाचकांनी मनातल्या मनात करून पाहिले असतील. ते बरोबर आहेत. येसू सुटली म्हणून वाचकांना समाधानही वाटलं असेल, आणि जिलबीपाशी थोडं हसूही आलं असेल. या दुसऱ्या मुलीचं नाव काय, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.